विहिरीवर जाऊन आले

सोलापूरच्या माणसाला मेक्सिकोत नेऊन दाखवतेस तरी काय, असं आमच्या शेजारणी मला सारखं विचारायच्या. मी म्हणायचे, "ऊन, दगड आणि विहीर." त्या हसायच्या, पण यात थट्टा फार थोडी होती. मेक्सिकोच्या पूर्वेला युकातान नावाचा भाग आहे. तिथे जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. पडेल तो पाऊस चुनखडीत मुरतो आणि जमिनीखालून वाहतो. कुठेकुठे वरचा दगड कोसळतो आणि खालचं पाणी उघडं पडतं. त्याला ते लोक 'सेनोते' म्हणतात. आपल्या भाषेत विहीर, फक्त कुणी न खणलेली. या विहिरींच्या आधाराने माया लोकांनी शहरं वसवली, पिरॅमिड उभे केले, ताऱ्यांचे हिशेब मांडले. आता त्या शहरांचे अवशेष उरलेत आणि विहिरींत पर्यटक पोहतात.

एका सहल कंपनीत मी एकवीस वर्षं टूर मॅनेजर होते. गेल्या वर्षी थांबले. टूर मॅनेजर म्हणजे गाईड, असा बऱ्याच जणांचा समज असतो. गाईड तिथला असतो आणि त्याला इतिहास माहीत असतो. टूर मॅनेजर आपल्यातला असतो आणि त्याला माणसं माहीत असावी लागतात. कोणाला बसमध्ये मळमळतं, कोणाला खिडकी लागते, कोणाचं कोणाशी विमानतळावरच वाजलंय, हे सगळं डोक्यात ठेवायचं. बसमध्ये चढताना माणसं मोजायची, उतरताना मोजायची, पाण्यात उतरली की दर दोन मिनिटांनी मोजायची. म्हणून मी स्वतः कधी पाण्यात उतरले नाही.

पण मोजणं कोणालाही जमतं. या कामात खरं लागतं ते मधला मार्ग काढणं. अकलूजचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आमच्या माहितीपत्रकात पिरॅमिडवर चढणाऱ्या लोकांचा जुना फोटो होता. आता चढायला बंदी आहे. गुरुजी पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "छापलंय ते झाल्याशिवाय मी उठणार नाही." गाईडने हात टेकले. मी म्हटलं, "गुरुजी, याच्या चारी बाजूंच्या पायऱ्या आणि वरची एक धरली की वर्षाचे दिवस भरतात म्हणे. आमच्यातल्या कोणाला ते गणित मांडता येईना." गुरुजी उठले. एका बाजूच्या पायऱ्या खालून मोजल्या, त्यांना चाराने गुणलं, वरची एक मिळवली आणि भर उन्हात सगळ्यांचा वर्ग घेतला. गाईडने वहीत लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत गुरुजी खुशीत होते.

मोडनिंबच्या एक बाई होत्या, तिथलं अन्न शिवणारही नाही म्हणाल्या. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना हॉटेलच्या मागे मक्याची पोळी थापणाऱ्या बाईंपाशी नेऊन बसवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अर्ध्या तासाने मोडनिंबच्या बाई तव्याशी बसून थापत होत्या आणि तिथल्या बाई चटणी चाखून डोळे पुसत होत्या. अशी दोन्हीकडची अडचण दोन मिनिटांत सोडवण्यात माझा हातखंडा होता, आणि मला त्याचा अभिमानही होता. तो अभिमान कुठे मोडला, ते सांगायला मी आज लिहायला बसले आहे.

चनबसप्पा काका अक्कलकोटच्या पुढे सीमेजवळच्या एका गावातले. तूर-हरभऱ्याची आडत होती, ती मुलाकडे सोपवलेली. वय चौऱ्याहत्तर, अंग काटक, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सोबत महादेवी काकू. दोघं आपसात कानडी बोलत, आमच्याशी मराठी. दोघंही लिंगायत, आणि मनापासून पाळणारी. म्हणजे गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी आणि डबीत इष्टलिंग. सोलापुरात वाढलेल्याला हे काही नवीन नाही, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली लिंगायत होत्या. पण दूरच्या वाचकांसाठी सांगते. हे लिंग मूल जन्मल्यावर गुरूच्या हातून मिळतं आणि ज्याचं त्याचं असतं. ते अंगावरून काढायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मग पाणी, मग अन्न. आणि माणूस गेला की त्याला बसवून मातीत देतात, तेव्हा तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात.

सहलीआधीच्या बैठकीत काकांनी एकच प्रश्न विचारला होता. "ताई, त्या हिरीत उडी मारू देतात का नुसतंच बगायचं?" मारू देतात म्हटल्यावर त्यांनी दोघांची नावं नोंदवली. ते मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेले. साठी उलटली तरी रोज अंग गोळा करून मुटका मारायचे. मग शिवारात बोअर वाढले, विहिरीचं पाणी गेलं. "धा वर्सं झाली ताई, पाण्यात पडलो न्हाय," असं त्यांनी मला विमानात सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही चिचेन इत्झा या जुन्या माया शहराचे अवशेष पाहिले. आमचा गाईड फेलिपे हा तिथल्याच गावचा, घरी माया भाषा बोलणारा. चाळिशीतला, शांत माणूस. त्याने आम्हाला एक मोठी विहीर दाखवली. तिच्यात पोहत नाहीत. जुन्या काळी पावसाच्या देवाला तिथे सोनं, हिरवे मणी आणि कधी माणसंही अर्पण करत. मी त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. काकांनी विचारलं, "मग ते सोनं हाय का तळाला?" फेलिपे म्हणाला की शंभरेक वर्षांपूर्वी परदेशी लोकांनी गाळ उपसून पुष्कळ काही नेलं. काकांना ते आवडलं नाही. "देवाला दिलेलं काढतात व्हय," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुपारी बारा वाजता आम्ही पोहायच्या सेनोतेवर आलो. हे फेलिपेच्या गावचं होतं, गावाची समितीच ते सांभाळायची. दगडात कोरलेल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं. वरून झाडांची मुळं पाण्यापर्यंत लोंबलेली. पाणी काळसर, गार आणि स्थिर. तळ दिसत नाही. पाटीवर खोली लिहिलेली होती, ती मी लोकांना मुद्दाम वाचून दाखवत नसे.

नियम दोन. आधी अंघोळ करून अंगावरचं तेल-मलम धुवायचं, आणि सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं. काकांनी दोन्ही मान्य केलं. पण लाइफगार्डने त्यांच्या गळ्यातला दोरा पाहिला आणि हात आडवा केला. गळ्यात काही चालणार नाही. उडी मारताना दोरा जॅकेटच्या पट्ट्यात अडकला तर फास बसतो. काका म्हणाले, "हे निगत न्हाय." तो म्हणाला, मग उडी नाही. मागे बावीस माणसं जॅकेट घालून उभी, जेवणाची वेळ ठरलेली. मी पुढे झाले.

माझ्या गळ्यात फोन ठेवायची प्लॅस्टिकची पिशवी होती, पाण्यात भिजत नाही तसली. वरचं तोंड दाबून बंद होतं, पट्टा असतो. मी म्हटलं, "काका, डबी यात ठेवू आणि कमरेला बांधू. अंगावरच राहील, नुसती जागा बदलेल."

"नाभीच्या खाली लिंग बांदत न्हायत, ताई."

"मग दंडाला?"

काकांनी पाण्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या. काका म्हणाले, "दंडाला चालतंय." मी स्वतःच्या हाताने पिशवीचं तोंड दाबून बंद केलं, पट्ट्याला दोन गाठी मारल्या, लाइफगार्डला दाखवलं. त्याने मान डोलावली. दोन मिनिटं लागली असतील. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

काकांनी मारलेली उडी मी विसरणार नाही. गुडघे पोटाशी, हातांनी मिठी, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस हसत खाली गेला. पाणी पार पायऱ्यांपर्यंत उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका वर आले, तोंडावरचं पाणी निपटलं आणि त्यांचा हात दंडाकडे गेला. पट्टा जागेवर होता, माझ्या दोन्ही गाठी जागेवर होत्या. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत पाणी होतं.

लाइफगार्डने गॉगल लावून चार-पाच वेळा बुडी मारली. तो जेमतेम एका घराच्या उंचीइतका खोल जात असेल, विहीर त्याच्या कितीतरी पट खोल. काका पायरीवर येऊन बसले. हात गळ्याशी जायचा आणि खाली यायचा, पुन्हा जायचा. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. तेव्हा काकू खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, आता ते पानी बी घेणार न्हायत. लिंग न्हाय तर घास न्हाय. आमच्यात असंच हाय."

मला काकांची साखर माहीत होती. त्यांच्या गोळ्यांची वेळ माझ्या वहीत लिहिलेली होती. गोळी घेऊन खाल्लं नाही तर काय होतं, हेही माहीत होतं. घाबरलेला माणूस काहीतरी बोलतो, तशी मी बोलले. म्हटलं, "काका, सकाळी पाहिलं ना, इथे पाण्यात देवाला देतात. देवाच्या पाण्यात देव गेला असं समजा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मी दिलं न्हाय, ताई. पडलं. दिलेलं आन पडलेलं एक न्हाय."

आजवर प्रवासी मला पुष्कळ बोलले आहेत. त्यातलं बरंचसं मी हसून सोडून दिलं. हे वाक्य अजून सुटलेलं नाही.

बाकीचे जेवायला गेले. फेलिपे आमच्याजवळ थांबला. त्याने विचारलं, काय पडलं? मी स्पॅनिशमध्ये सांगायला लागले, दागिना नाही, ताईत नाही, आणि अडले. शेवटी म्हटलं, "त्यांचा देव." फेलिपे समितीच्या म्हाताऱ्याला घेऊन आला. त्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि काकांसमोर येऊन उभा राहिला. मग फेलिपेशी माया भाषेत बोलला. गावात एक पाणबुड्या होता. उद्या सकाळी पर्यटक यायच्या आत तो उतरेल. पण फक्त दोनदा. कारण तळाशी त्यांच्याही पूर्वजांची हाडं आहेत आणि तिथे फार ढवळलेलं त्यांना चालत नाही.

दुसऱ्या दिवशी गट बोटीने बेटावर जाणार होता. ऑफिसने फोनवर सांगितलं की एका प्रवाशासाठी मॅनेजरने गट सोडू नये. एकवीस वर्षांत एवढ्या एकाच वेळी मी ऑफिसचं ऐकलं नाही. गट दुसऱ्या गाईडकडे सोपवला आणि फेलिपे, काका, काकू आणि मी पहाटे छोट्या गाडीने निघालो. काकांनी आदल्या दुपारपासून अन्न-पाणी घेतलं नव्हतं, म्हणून गोळीही घेतली नव्हती. काकूंच्या गळ्यात त्यांचं लिंग होतं, त्यांना खायला हरकत नव्हती. त्यांनीही खाल्लं नव्हतं.

गाडीत काका एकदाच बोलले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मातीत जाताना हातावर काय ठेवतील, तेवढंच डोक्यात येतंय."

पाणबुड्या बुटका, गप्प माणूस होता. पाठीवर हवेची नळकांडी बांधून तो उतरला. त्याच्या दिव्याचा उजेड खाली खाली जाताना दिसला आणि मग दिसेनासा झाला. आम्ही पायरीवर बसलो. काकांचे ओठ कोरडे पडले होते, आणि समोर एवढं पाणी. तो वर आला आणि त्याने नाही म्हणून मान हलवली. तळाला पानांचा आणि मातीचा मऊ गाळ आहे, हात लावला की सगळं गढूळ होतं, असं फेलिपेने सांगितलं. गाळ बसेपर्यंत थांबून तो पुन्हा उतरला. या वेळी जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात मी कधी नव्हे ते नवस बोलले. तो रिकाम्या हाताने वर आला.

मी फेलिपेला म्हटलं, "अजून एकदाच. म्हाताऱ्यांना विचार, मी त्यांच्या पाया पडते." पुन्हा मधला मार्ग. फेलिपे म्हाताऱ्याकडे वळला, तेवढ्यात काका उठले. तोल जात होता म्हणून काकूंनी हात धरला.

"पुरे," काका म्हणाले. "त्यांची मानसं निजल्यात तितं. माझ्यापायी त्यास्नी उटवू नका."

मी ते म्हाताऱ्याला कळवलं. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

मग काकूंनी मला त्यांच्या स्वामींना फोन लावायला सांगितलं. तिथे सकाळचे साडेसात, आपल्याकडे संध्याकाळचे सात. गावातल्या दुकानापाशी रेंज होती. स्वामी कानडीत बोलत होते, काका नुसतं "हूं" म्हणत होते. फोन ठेवल्यावर काका काकूंशी कानडीत दोन वाक्यं बोलले. काकूंनी मला समजावून सांगितलं. गावी परतल्यावर स्वामी नवीन लिंग देणार. तोवर काकूंनी आपल्या लिंगाची पूजा करायची, काकांनी समोर बसून ती बघायची आणि काकूंच्या हातून तीर्थ घ्यायचं. मग अन्न. गुरूने सांगितलं म्हणजे झालं, यात मला काही अडचण दिसेना. मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "पन्नास वर्सं झाली. पूजेला पुढं ते बसत्यात, मी मागं. त्यांना जड जानार."

आम्ही परत सेनोतेवर गेलो. पर्यटक यायला अजून वेळ होता. काकू खालच्या पायरीवर पूर्वेला तोंड करून बसल्या. डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, बाटलीतलं पाणी घातलं, भस्म लावलं. काका एक पायरी वर उभे होते. मला वाटलं, हे बसणार नाहीत. मग ते खाली उतरले, काकूंच्या समोर बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. काकूंनी तीर्थ घातलं. काका प्यायले. मी तोंड फिरवून रडले. काकू रडल्या नाहीत, त्या पूजेत होत्या.

गोळी, दोन केळी आणि साखर घातलेलं लिंबूपाणी, एवढं झालं आणि काका आधाराशिवाय उभे राहिले. सहलीचे उरलेले पाच दिवस ते रोज सकाळी काकूंसमोर बसले. गटातल्या कोणीही त्यावर एक शब्द काढला नाही, हे मी आमच्या माणसांचं मोठेपण समजते.

परतल्यावर महिन्याभराने मी त्यांच्या गावी माफी मागायला गेले. काकांच्या गळ्यात नवा दोरा, नवी डबी होती. मी पाया पडले आणि म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"तुमी विचारलं की. न्हाय म्हनायला मला तोंड हुतं," काका म्हणाले. "पण मला उडी मारायची हुती, ताई. तवा तोंड उगडलं न्हाय." मग म्हणाले, "नवं बी देवच हाय. अजून हाताला सवय न्हाय, एवढंच."

जेवण झालं. निघताना काका उंबऱ्यापर्यंत आले. "तुमचं तिकडं जानं हुतंय का?"

"वर्षातून दोनदा तरी."

"मग एक काम करा. ते माझं तितं खाली हाय. चौऱ्याहत्तर वर्सं एक दिवस बिनपूजेचा गेला न्हाय त्याचा. तुमी गेलात की तेवढा पान्याला हात लावून या. मंतर-बिंतर काय नको. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच."

मी हो म्हटलं. आणि पुढची चार वर्षं ते पाळलं. माणसं पाण्यात उतरली की मी खालच्या पायरीवर जायचे आणि डावा हात मनगटापर्यंत पाण्यात धरायचे. तेवढं एक मिनिट मी माणसं मोजत नसे, फेलिपे मोजायचा. संध्याकाळी हॉटेलवर आले की भारतात सकाळ झालेली असायची. मी फोन करायचे, "काका, विहिरीवर जाऊन आले." ते म्हणायचे, "बरं झालं." आणि फोन काकूंकडे द्यायचे. आमचं एवढंच बोलणं व्हायचं.

पाचव्या वर्षी एका सहलीच्या वेळी तिथे फार पाऊस झाला होता. पायऱ्यांवर दरड आली म्हणून समितीने ते सेनोते आठवडाभर बंद ठेवलं होतं. आम्हाला दुसऱ्या सेनोतेवर नेलं. फेलिपे मला म्हणाला, "परतताना आमच्या गावावरून गाडी वळवू. वीस मिनिटं लागतील. म्हातारे तुम्हाला एकटीला खाली सोडतील, त्यांना माहीत आहे." मी घड्याळ पाहिलं. बसमध्ये एका मुलीला उलट्या होत होत्या, जेवणाला उशीर झाला होता, लोक कुरकुरत होते. मी म्हटलं, "राहू दे, पुढच्या खेपेला." त्या दुसऱ्या सेनोतेत मी हात बुडवला. पाणी सगळं खालून एकच आहे, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी फोन केला आणि नेहमीसारखं म्हणाले, "काका, विहिरीवर जाऊन आले."

"बरं झालं," काका म्हणाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी मातीला पोचले. त्यांना बसवलं होतं, आणि डाव्या तळहातावर नवं लिंग होतं. सगळं रीतसर झालं. मी लोकांमध्ये उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, छापून येण्याआधी काकूंना तोंडाने सांगायला हवं. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले. काकू पुढच्या सोप्यात तूर निवडत होत्या. मी समोर बसले आणि सरळ सांगून टाकलं. त्या शेवटच्या खेपेला मी तिथे गेले नव्हते. वीस मिनिटं होती, तरी गेले नाही, आणि काकांना खोटं सांगितलं.

काकूंचा हात तुरीत फिरत राहिला. "ठावं हुतं त्यास्नी," त्या म्हणाल्या.

मला कळेना. काकू म्हणाल्या, "त्या खेपंला तुमच्यासंगं आमच्या गल्लीतला किरानावाला हुता की. त्यानं तितनंच घरला फोन केल्ता, ती हीर बंद हाय, दुसरीकडं नेलं म्हनून. तुमचा फोन यायच्या आदीच आमाला कळलं हुतं."

"मग मला का नाही बोलले?"

"मी म्हनलं, बोला. तर म्हनाले, ताईला कशाला. तिच्या मागं धा मानसं असत्यात. जाऊन आले असं सांगितलं न्हाय तर तिच्याच जिवाला लागंल, म्हनून तिनं सांगितलं."

मी विचारलं, "मनाला लावून घेतलं का त्यांनी?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "तसं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवले न्हायत, एवढंच. म्हनाले, आज तितं कुनी गेलं न्हाय."